हातांतील बहुरूपी

दुसऱ्याचें सोंग घ्यावें, घटकाभर आपण कोणी निराळेच आहों असें मानावें, ही हौस मनुष्यजातीला फार पुरातन काळापासून आहे. आपल्या खानदेशांत बहुरूपी दारीं येतो आणि खोट्या पोलिसाच्या ऐटींत घरधन्यास दटावतो. घरधनीहि हंसून त्याच्या झोळींत पसाभर ज्वारी घालतो. मुली भातुकली मांडतात व चार घटका गृहिणी होतात. एकनाथ महाराजांच्या भारुडांत गाणारा कधीं जोशी, कधीं वासुदेव, तर कधीं गोंधळी होऊन येतो, आणि सोंगाच्या आडून शहाणपणाचे दोन शब्द सांगून जातो. ज्या खेळांविषयीं आज आम्ही लिहिणार आहों ते दिसावयास अगदीं नवे, परदेशी व विजेवर चालणारे असले, तरी त्यांचें मूळ याच जुन्या हौसेंत आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष जाण्यास एक प्रसंग कारण झाला. नरडाण्याचा एक विद्यार्थी आमच्या वसतिगृहांत राहतो. सुरत-भुसावळ मार्गावरील गाडीनें तो सुटीस घरीं जातो व परत येतो. सुरतेस असलेल्या त्याच्या मामेभावानें आपलें जुनें ‘निन्टेन्डो थ्री-डी-एस’ नांवाचें, हातांत मावणारें खेळयंत्र त्याला दिलें होतें. सहामाहींत गणिताचे गुण घसरले, आणि एके रात्रीं उशीखालीं तें यंत्र उजेडतांना सांपडलें. आम्हीं तें जप्त केलें. चार दिवसांनीं त्याचे वडील भेटीस आले. मुलाची रदबदली करण्याऐवजीं त्यांनीं आम्हांसच विचारलें, “गुरुजी, हें खेळणें वाईट आहे कीं चांगलें, तेवढें मला सांगा. तुम्ही सांगाल तसें करूं.” या साध्या प्रश्नास आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. जी वस्तु आपण जाणत नाहीं तिच्याविषयीं निवाडा देणें हें शिक्षकास शोभत नाहीं, असें मनांत येऊन आम्हीं तो विषय समजून घेण्याचें ठरविलें. त्याचें फळ वाचकांपुढें ठेवितों.

भूमिकाखेळ म्हणजे ज्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्याच्या वतीनें निर्णय करतो आणि त्या निर्णयांचीं बरीं-वाईट फळें भोगतो तो खेळ. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन या दोघांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत यंत्र नव्हतेंच. कागद, पेन्सिल, फांसे आणि चार मित्र एवढीच सामग्री लागे. एकानें गोष्ट सांगावी, इतरांनीं त्या गोष्टींतील माणसें व्हावें, आणि जेथें यशापयशाची शंका असेल तेथें फांसा टाकावा. पुढें फांशांचें व हिशेबाचें काम संगणकानें उचललें. जपानांत युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ सालीं आणि ‘फायनल फॅन्टसी’ १९८७ सालीं निघाला, व या जातीच्या खेळांस तेथें घरोघर स्थान मिळालें.

या खेळांचें अंतरंग पाहूं गेल्यास तें बव्हंशीं अंकगणित आहे. प्रत्येक पात्राचें बळ, संरक्षण, चपळाई व जीवशक्ति हीं आंकड्यांनीं मांडलेलीं असतात. समजा, शत्रूची जीवशक्ति ४० आहे. आपल्या एका घावानें त्याची ८ जाते व त्याच्या घावानें आपली ६ जाते. तर त्याला पाडण्यास आपले ५ घाव लागतील; पहिला घाव आपला असल्यास तेवढ्या अवधींत तो ४ घाव घालील आणि आपली २४ शक्ति खर्ची पडेल. आपल्याजवळ २० च उरली असेल तर लढावें, औषध घ्यावें, कीं पळ काढावा? असा विचार खेळणारा दर मिनिटास करीत असतो. विजयागणिक पात्रास ‘अनुभवा’चे गुण मिळतात, ते ठराविक संख्येस पोंचले म्हणजे पात्र एक पायरी वर चढतें व त्याचें बळ वाढतें. ज्ञानेश्वर महाराजांच्या नांवाशीं परंपरेनें जोडलेला मोक्षपट ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं. तेथेंहि जीव सद्गुणांच्या शिडीनें वर चढतो आणि दुर्गुणांच्या सापानें खालीं येतो. भेद एवढाच कीं, मोक्षपटांत सारें फांशावर असतें, येथें पुष्कळसें आपल्या निवडीवर असतें.

हातांत धरावयाच्या यंत्रांचा इतिहासहि मनोरंजक आहे. क्योटो शहरांत १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते करणारी एक पेढी निघाली. तीच पुढें ‘निन्टेन्डो’ या नांवानें जगभर गाजली. तिच्या पदरीं असलेल्या गुन्पेइ योकोई यांच्या देखरेखीखालीं १९८९ सालीं ‘गेम बॉय’ हें यंत्र बाहेर पडलें. चार लहान सेलांवर तें चाले; पडद्यास रंग नव्हते कीं स्वतःचा उजेड नव्हता; परंतु तें स्वस्त, टिकाऊ व खिशांत मावणारें होतें. अशा यंत्रास भूमिकाखेळच विशेष मानवले, याचें कारण उघड आहे. पुष्कळशा भूमिकाखेळांत आळीपाळीनें खेळावयाचें असतें. आपण विचार करीपर्यंत शत्रु थांबून राहतो. त्यामुळें गाडी स्टेशनांत आली कीं खेळ तसाच सोडतां येतो. मुक्कामाची नोंद करून ठेविली कीं दुसरे दिवशीं तेथूनच पुढें जातां येतें. जुन्या पुड्यांत ही नोंद राखण्यासाठीं एक बारीकसा सेल बसविलेला असे. तो संपला कीं वर्षांची कमाई एका क्षणांत नाहींशी होई!

आतां यांतील उत्तम खेळ कोणते? आमच्या मतें तीन कसोट्या लावाव्या: खेळणाऱ्याच्या निवडीस खरा अर्थ असावा, गोष्ट वाचनीय असावी, आणि खेळ आपल्या इच्छेनें थांबवितां यावा.

पहिला मान ‘पोकेमॉन’ला द्यावा लागेल. सातोशी ताजिरी यांस लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढलें, शेतें व डबकीं बुजलीं, आणि पुढील मुलांस तो आनंद कोठून मिळणार, या विचारांतून त्यांनीं हा खेळ रचला; तो १९९६ सालीं गेम बॉयवर आला. त्यांत नाना जातींचे प्राणी शोधावे, पाळावे व शिकवावे लागतात. खेळाच्या दोन आवृत्त्या एकदम काढल्या, आणि कांहीं प्राणी एकींत तर कांहीं दुसरींतच ठेविले. म्हणजे कोणासहि आपला संग्रह एकट्यानें पुरा करतां येऊं नये. मित्राकडे जाऊन, तार जोडून, देवघेव करावीच लागावी. एकलकोंड्या यंत्रांत मैत्रीची गरज पेरून ठेवण्याची ही युक्ति आम्हांस फार आवडली.

२००९ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ९’ नें हेंच सूत्र पुढें नेलें. यंत्र खिशांत ठेवून रस्त्यानें चालतां चालतां दोन अनोळखी खेळाडूंच्या यंत्रांची आपोआप ओळख होई. ‘द वर्ल्ड एन्ड्स विथ यू’ (२००७) या खेळांत कानांवर ध्वनियंत्र चढवून जगाकडे पाठ फिरविणाऱ्या एका तोक्योच्या मुलाची गोष्ट आहे. सोबत्यावर विश्वास टाकल्यावांचून त्याची सुटका नाहीं. आणि शिगेसातो इतोई यांचा ‘मदर ३’ (२००६) हा तर खेळाच्या रूपानें लिहिलेली कादंबरीच होय. आई गमावलेल्या जुळ्या भावांची ती कथा आहे. पैसा ठाऊक नसलेल्या एका खेड्यांत पैसा आला म्हणजे काय होतें, हेंहि ती सांगते. हा खेळ जपानीखेरीज अन्य भाषेंत कंपनीनें काढला नाहीं. तेव्हां इंग्रजी जाणणाऱ्या चाहत्यांनीं एकत्र येऊन, एक पैहि न घेतां, सर्व संवादांचें भाषांतर केलें व २००८ सालीं तें लोकांस खुलें केलें. भाषेवरील व गोष्टीवरील प्रेमाचें हें उदाहरण मनांत धरून ठेवण्याजोगें आहे.

आपल्याकडे कांहींच झालें नाहीं असें मात्र नाहीं. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीनें ‘राजी’ नांवाचा खेळ रचून २०२० सालीं प्रथम निन्टेन्डोच्या ‘स्विच’ यंत्रावर आणिला. काटेकोर अर्थानें तो भूमिकाखेळ नव्हे, साहसाचा खेळ आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुरांनीं पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाच्या शोधार्थ ती दुर्गेनें दिलेलें त्रिशूळ घेऊन निघते. २०१७ सालीं लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी या मंडळीनें हातचें काम टाकलें नाहीं. पुढील आवृत्तींत हिंदी संवादहि आले.

आतां दुसरी बाजू. विद्यार्थ्याच्या यंत्रांत खेळलेल्या वेळाची नोंद असते. ती उघडून पाहतां ११२ तास निघाले! आमच्या ३५ मिनिटांच्या तासिकांनीं मोजल्यास त्या १९२ तासिका झाल्या. कांहीं खेळांत बळ वाढविण्यासाठीं तीच लढाई शंभर वेळां करावी लागते. तेथें बुद्धि निजते व अंगठा तेवढा जागा राहतो. यंत्रांतील पायरी चढली म्हणजे आपणहि चढलों असा भास होतो, हा सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत घातक सापळा होय. सोंग उतरविल्यावर बहुरूपी आपल्या घरीं जातो. ज्याला तें उतरवितां येत नाहीं, त्याला बहुरूपी म्हणत नाहींत.

परंतु न्याय करावयाचा तर संपूर्ण केला पाहिजे. दिवाळीनंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून, तोच खेळ आम्हांस शिकव म्हणून सांगितलें. वर्गांत मान वर न करणारा तो मुलगा अर्धा तास न अडखळतां बोलला. मग त्यानें संकोचानें एक वही पुढें केली. तींत खेळांत भेटलेले तीनशेंहून अधिक इंग्रजी शब्द अर्थासह लिहिलेले होते. कांहींचे अर्थ मराठींत, कांहींचे घरच्या अहिराणींत. गुणाकाराचे हिशेब तर पानोपानीं होते. ज्या गणितांत तो नापास झाला होता, तेंच गणित तो रात्रीं पांघरुणाखालीं करीत होता, आणि आम्हांस त्याचा पत्ता नव्हता!

आम्हीं यंत्र त्याच्या वडिलांच्या हातीं परत दिलें व त्यांच्या प्रश्नाचें उत्तरहि दिलें: खेळणें चांगलें आहे, रात्र वाईट आहे. सुटीच्या दिवशीं एक तास, तोहि बैठकीच्या खोलींत, असें त्यांनीं ठरविलें. वसतिगृहांत यंत्र आणावयाचें नाहीं. मात्र वही आणावयाची.

त्या वहींतूनच पुढें एक गोष्ट निघाली. यंत्र नाहीं म्हणून मुलें अडून बसलीं नाहींत. त्या विद्यार्थ्यानें व त्याच्या तिघां मित्रांनीं जाड कागदावर एक नकाशा काढिला. प्रवासी नरडाण्याहून निघतो, तापीच्या पुराची वाट पाहतो, पलीकडे शिरपुरास पोंचतो, आणि थाळनेरच्या जुन्या किल्ल्यांत लपविलेलें पत्र शोधतो. फांसे सापशिडीचे, नियम त्यांचेच, आणि संवाद मराठींत व अहिराणींत. वाटेंत भेटणारी म्हातारी कोडें घालते. तें सोडविल्यावांचून नाव मिळत नाहीं. शनिवारीं सायंकाळीं आम्हीहि एक डाव खेळलों, व पुरांत वाहून गेलों.

विद्यार्थी-मित्रांनो, जपानांतील एका मुलानें आपल्या हरवलेल्या डबक्यांतून एवढें विश्व उभारलें. आपल्यापाशीं तापी आहे, सातपुडा आहे, आजीच्या गोष्टी आहेत. खेळणारे आपण पुष्कळ झालों. आतां कोणी रचणाराहि व्हावा. अलं विस्तरेण.