गाय, खपली आणि रझाकारी

माझं माहेर मराठी, सासर भालकीकडचं कन्नड. लग्नानंतर महिनाभरातच सासूबाई शेजारणीबद्दल म्हणाल्या, "पाप, आकि मनसिगे गाय आग्याद." मला वाटलं, शेजारी गाय आणली. संध्याकाळी मी त्या बाईंना विचारलंसुद्धा, दूध किती देते म्हणून! कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम. थोरला मुलगा भांडून घर सोडून गेला होता त्यांचा. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जात असे.

पण दुःखाची जागा दोन्ही भाषांत एकच. आपलं आतडं तुटतं, त्यांचं 'करुळु'. करुळु म्हणजे आतडं आणि आईची मायाही. लांबच्या हाँगकाँगची कँटनीज बोली घ्या. जुनं दुःख उकरण्याला तिथेही खपली काढणंच म्हणतात, आणि मनात बसलेल्या धक्क्याला 'यम यिंग', म्हणजे सावली. हा शब्द आपल्याकडे हवा होता, असं मला फार वाटतं.

कारण छोट्या दुखण्यांना आपल्याकडे शब्द पुष्कळ. सल, बोच, ठसठस, कन्नडमधला 'नोवु'. सर्वांत मोठ्या दुखण्याला मात्र नुसतं एका काळाचं नाव. हिंदू घरांत म्हणतात 'रझाकारी'. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे 1948 मध्ये रझाकारांनी केलेली कत्तल त्या एका शब्दात येते. मुसलमान घरांत म्हणतात 'पोलीस अ‍ॅक्शन'. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या आणि नंतर बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद, नांदेड भागांत मुसलमानांची हत्या झाली. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला होता. एकाच वर्षाची ही दोन नावं, आणि एका घरातलं नाव दुसऱ्या घरात सहसा कोणी उच्चारत नाही.

सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या. आईनं त्यांना कडब्याच्या गंजीत लपवलं होतं. एवढंच सांगतात, "रझाकारीत..." आणि पदराशी चाळा करत बसतात. कडब्याला त्या आजही हात लावत नाहीत. म्हशीला वैरण घालायची ती आम्हीच.

परवा नातीच्या गुडघ्याला लागलेलं पाहून मी विचारलं, "अव्वा, खपलीला कन्नडमध्ये काय म्हणतात?"

"हक्कळे," त्या म्हणाल्या. नात तेवढ्यात नखानं खरवडू लागली. अव्वांनी तिचा हात धरला.

"तेगिब्याड." काढू नको.