मुद्दाम केलं म्हणे!

गादीवर मुतलेली मांजर असो की सोफ्याची उशी फाडलेला कुत्रा, घरात निकाल एकच लागतो: ‘मुद्दाम केलं.’ आपण गावाला गेलो म्हणून डूख धरला, बाळ आलं म्हणून जळतोय, लाडानं शेफारलाय. एकदा हेतू ठरवला की कारण शोधायचं राहून जातं, आणि तक्रार वर्षानुवर्षं तशीच चालते.

आधी मांजरीचं बघू, कारण बदनामी तिचीच जास्त. ‘आम्ही परत आलो आणि हिनं गादी खराब केली’ हे निरीक्षण पुष्कळदा खरं असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. मांजरांना जंतुसंसर्ग नसतानाही मूत्राशयाला सूज येते आणि ताणामुळे ती बळावते. घरातली माणसं गायब होणं, पाहुण्यांची वर्दळ, खिडकीबाहेर रोज येऊन बसणारा परका बोका, एवढंही त्या ताणाला पुरतं. लघवी करताना दुखतं, दुखणं तिच्या लिटर ट्रेशी जोडलं जातं, मग ती मऊ जागा शोधते. गादी तिथंच असते, इतकाच तिचा अपराध. बोक्याच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. तो वारंवार ट्रेमध्ये बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बद्धकोष्ठ समजून तूप चारत बसू नका. उपचार मिळाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो.

डॉक्टरांनी शरीर ठीक असल्याचं सांगितलं, तर मग ट्रेकडे वळायचं. घरात जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा असं पशुवैद्य सांगतात. छोट्या फ्लॅटमध्ये हे ऐकून कपाळाला आठ्या पडतात, पण निदान खडखडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या कुशीतला ट्रे तरी हलवा. भिंतीला पाठ करून, उभ्यानं, शेपटी थरथरवत मारलेली पिचकारी हा मात्र वेगळा मामला. ती हद्दीची खूण असते, आणि नसबंदीनंतर दहापैकी सुमारे नऊ बोक्यांमध्ये ती थांबते किंवा बरीच कमी होते. डाग फिनेलनं पुसण्याची आपली सवय तेवढी सोडायला हवी. फिनेल मांजरांना विषारी असतं. एन्झाइम असलेला क्लीनर वापरला तर वासही जातो आणि पुन्हा तिथंच मुतण्याचं आमंत्रणही.

कुत्र्याचा ‘अपराधी चेहरा’ तर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतो: कान पाडलेले, नजर चुकवलेली, शेपूट पायांत. त्याला कळतंय म्हणूनच तो असा बसतो, हे आपण गृहीत धरतो. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये 14 कुत्र्यांवर हे तपासलं. खाऊला तोंड लावायचं नाही, असं बजावून मालक खोलीबाहेर जायचे. मागे कुत्र्यानं खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल काही वेळा मालकांना मुद्दाम खोटं सांगितलं गेलं. तो चेहरा गुन्ह्यावर नव्हे, रागावण्यावर अवलंबून निघाला. काहीच न केलेली कुत्री ओरडा खाल्ल्यावर सगळ्यांत जास्त अपराधी दिसली! म्हणजे संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या उशीबद्दल दिलेला मार कुत्र्याला इतकंच शिकवतो की मालक घरी आला की सांभाळून राहावं. त्यापेक्षा बाहेर जाताना मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून ठेवा. तुम्ही गेल्यावर लगेच लाळ गाळत, रडत दाराची चौकट कुरतडणारा कुत्रा एकटेपणाला घाबरतोय. तासभर झोपून मग चप्पल चघळणारा कंटाळलाय. दोघांवरचे उपाय वेगळे.

‘त्याला बॉस कोण ते दाखवा’ या सल्ल्याचं मूळ स्वित्झर्लंडमध्ये आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये वर्चस्वाच्या झगड्यांचं वर्णन केलं. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकानं ‘अल्फा’ म्हणजे कळपातला बॉस लांडगा ही कल्पना घरोघरी नेली. त्याच मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समीर बेटावर मोकळ्या लांडग्यांबरोबर उन्हाळे काढले आणि 1999 मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, बाकी काही नाही. ती घरोघरी नेणाऱ्या लेखकानंच कल्पना मागे घेतली, तरी आपल्याकडचे काही ट्रेनर अजून कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत असं दाबणाऱ्या मालकांपैकी जवळपास एकतृतीयांश जणांवर कुत्रा उलटला होता. गुरगुरण्यावर फटका मारणं तर त्याहून घातक, कारण गुरगुर ही सूचना असते. ती बंद पाडली की कुत्रा सूचना न देता चावायला शिकतो.

दिवाळीत फटाक्यांना भिऊन पलंगाखाली शिरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, भीती वाढेल, असंही सांगितलं जातं. भीती ही काही बक्षिसावर वाढणारी युक्ती नव्हे. तो जवळ येत असेल तर खुशाल घ्या. फक्त ओढून बाहेर काढू नका. दिवाळीच्या काही आठवडे आधीपासून फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ द्यावा, आवाज हळूहळू वाढवावा. भीती फार असेल तर औषध डॉक्टरांकडूनच. नुसती गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनी शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते.

वर्षानुवर्षं शांत असलेलं जनावर एकाएकी अंगावर येऊ लागलं, तर स्वभाव बिघडल्याचं म्हणण्याआधी सांधे, दात आणि कान तपासून घ्या. म्हाताऱ्या कुत्र्याला उचलताना तो चावतो, कारण बहुधा कंबर दुखते. आपल्या देशात आणखी एक प्रश्न आधी विचारावा लागतो: त्याला बाहेरचं कुत्रं चावलं होतं का, आणि रेबीजची लस वेळेवर झालीय का? शंका असेल तर त्याला हात न लावता वेगळं ठेवून पशुवैद्याला कळवा. माणसाला चावा किंवा ओरखडा बसला असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुना लावू नका.