'जय भीम'ला पुरस्कार नाही. पण 'रेखा' आपण पाहिला का?

२४ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी ६९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची घोषणा झाली. त्या रात्री आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता. दहावीतल्या एका मुलाने तो सर्वांत सरळ विचारला, "ताई, आपल्या पिक्चरला एकपण नाही?"

त्याच्यासाठी 'आपला पिक्चर' म्हणजे 'जय भीम'. तमिळ भाषेतला, आपल्यापैकी बहुतेकांनी हिंदीत डब केलेला पाहिलेला, तरी आपला. तेव्हा मी त्याला "हे असंच असतं" असं उत्तर दिलं. ते उत्तर आळशी होतं. म्हणून त्या वर्षीची यादी पुन्हा नीट वाचली. त्यातून जे समजलं ते थोडं आपल्याला सुखावणारं आहे, थोडं टोचणारं आहे.

कोणाचा सन्मान झाला?

सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'रॉकेट्री'. 'आरआरआर'ला सहा पुरस्कार मिळाले, 'गंगूबाई काठियावाडी' आणि 'सरदार उधम' यांना प्रत्येकी पाच. 'पुष्पा'साठी अल्लू अर्जुन सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, तर अभिनेत्रीचा पुरस्कार आलिया भट आणि क्रिती सनॉन यांना विभागून गेला. मराठीत 'एकदा काय झालं!' सर्वोत्कृष्ट ठरला आणि 'गोदावरी'साठी निखिल महाजन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तमिळमध्ये एका वृद्ध शेतकऱ्याची गोष्ट सांगणाऱ्या 'कडैसी विवसायी'ची निवड झाली. हा पुरस्कार योग्यच होता, त्याबद्दल तक्रार नाही.

राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मात्र 'द कश्मीर फाइल्स'ला गेला. तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली होती.

कोण बाहेर राहिलं?

२०२१ हे तमिळ सिनेमासाठी मोठं वर्ष होतं. जातीबद्दल थेट बोलणारे तीन महत्त्वाचे चित्रपट एकाच वर्षात आले आणि तिघांनाही एकही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला नाही.

मारी सेल्वराज यांचा 'कर्णन' एप्रिलमध्ये आला. गावात बस थांबत नाही, एवढ्यावरून सुरू होणारी ही गोष्ट. बस थांबत नाही म्हणजे कॉलेज नाही, दवाखाना नाही, गावाला पत्ताच नाही. १९९५ साली तमिळनाडूतल्या कोडियंकुलम या दलित वस्तीवर पोलिसांनी जो हल्ला केला, त्याची छाया या चित्रपटावर आहे.

पा. रंजित यांचा 'सरपट्टा परंबरै' जुलैमध्ये आला. सत्तरच्या दशकातलं उत्तर मद्रास, तिथले मुष्टियुद्धाचे आखाडे आणि आणीबाणी. रिंगमध्ये कोण उतरणार, कोणाला उतरू द्यायचं, यात जात कशी काम करते हे तो भाषण न देता दाखवतो.

आणि २ नोव्हेंबरला आला टी. जे. ज्ञानवेल यांचा 'जय भीम'. १९९३ सालच्या खऱ्या प्रकरणावर तो आधारलेला आहे. चोरीच्या खोट्या आरोपात राजाकन्नूला पोलीस उचलतात, कोठडीत मारहाण होते आणि मग "आरोपी पळून गेला" असं सांगितलं जातं. त्याची गरोदर बायको सेंगेनी वकील चंद्रूंकडे जाते आणि चंद्रू उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका दाखल करतात. म्हणजे ज्याला ताब्यात घेतलं त्याला न्यायालयासमोर हजर करा, अशी मागणी. हे चंद्रू खरे आहेत. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

या चित्रपटावर आक्षेपही आहेत. खरं कुटुंब कुरवर समाजाचं होतं, चित्रपटात ते इरुलर दाखवलं आहे. शिवाय पीडितांपेक्षा वकील मोठा होतो, अशीही टीका झाली. त्यावर चर्चा व्हायलाच हवी. पण शाळेतल्या वेशभूषेच्या कार्यक्रमात मुलं गांधी-नेहरू झालेली पाहून "यात आंबेडकर का नाहीत?" असा प्रश्न पडणारा नायक भारतीय पडद्यावर किती वेळा आला?

निवड होते कशी?

ग्रुपवर दोन अफवा फिरत होत्या. त्या आधी दूर करू.

पहिली: "मोबाईलवर आलेल्या चित्रपटांना पुरस्कार देत नाहीत." हे चूक आहे. 'सरदार उधम', 'मिमी' आणि 'शेरशाह' हे तिन्ही चित्रपट थेट ओटीटीवर आले होते आणि त्याच यादीत त्यांना पुरस्कार मिळाले. आणि 'कर्णन' तर थिएटरमध्येच लागला होता.

दुसरी: "कश्मीर फाइल्स २०२२चा आहे, मुद्दाम घुसवला." हेही चूक. इथे प्रदर्शनाची नव्हे, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख धरतात. म्हणून २०२२मध्ये लागलेले 'आरआरआर' आणि 'गंगूबाई'सुद्धा २०२१च्या पुरस्कारांत बसले.

राग खरा असला तरी मुद्दा खोटा असेल, तर समोरचा तेवढाच मुद्दा धरून आपलं सगळं म्हणणं खोडून काढतो. कार्यकर्त्याने हे विसरू नये.

आता प्रत्यक्ष पद्धत. निर्माता प्रवेशिका पाठवतो. आधी पाच प्रादेशिक मंडळं चित्रपट पाहतात, त्यातली दोन दक्षिणेसाठी असतात. त्यांनी पुढे पाठवलेल्या चित्रपटांतून केंद्रीय परीक्षक मंडळ अंतिम निवड करतं. त्या वर्षी कथापटांच्या मंडळाचे अध्यक्ष केतन मेहता होते. मंडळं नेमतं केंद्र सरकारचं माहिती व प्रसारण मंत्रालय. बंद दाराआड काय चर्चा झाली, कोणता चित्रपट कुठे अडला, हे लोकांसमोर येत नाही.

सरकार आपल्याला नेहमीच डावलतं का?

नाही. इथे प्रामाणिक राहिलं पाहिजे.

हे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. पहिलं सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. दुसऱ्याच वर्षी अत्र्यांच्याच 'महात्मा फुले'ला राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. या चित्रपटाच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. डॉ. जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'मधील भूमिकेसाठी मामुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. २०१३च्या चित्रपटांमध्ये नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'ला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला आणि जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे बालकलाकार म्हणून गौरवला गेला. पुढच्याच वर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्यात लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार आपल्याच चळवळीतले, नागपूरचे. एप्रिल २०२१मध्ये करोनाने ते गेले. दलितांच्या जमिनीचा प्रश्न मांडणाऱ्या 'असुरन'लाही २०१९चा सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा पुरस्कार मिळाला.

दुसरीकडे, मारी सेल्वराज यांचाच पहिला चित्रपट 'परियेरुम पेरुमाळ' २०१८च्या यादीत रिकाम्या हातांनी राहिला होता.

म्हणजे दार कायम बंद नाही. ते कधी उघडतं, कधी नाही. आत कोण बसलं आहे, त्यावर ते अवलंबून असतं. म्हणून "आम्हाला का नाही दिलं?" यापेक्षा "ठरवायला कोण बसलं होतं?" हा आपला प्रश्न असायला हवा. शिक्षणात, नोकरीत, विधिमंडळात प्रतिनिधित्व मागणारे आपण, सिनेमाच्या परीक्षक मंडळात ते कधी मागितलं?

एकात्मता कशाला म्हणायचं?

माझ्या मते त्या यादीतला सगळ्यांत गंभीर मुद्दा राष्ट्रीय एकात्मतेच्या पुरस्काराचा आहे.

काश्मिरी पंडितांचं दुःख खरं आहे. घर सोडून जावं लागणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. त्या दुःखाला करुणेनेच पाहिलं पाहिजे. पण दुःख दाखवणं वेगळं आणि माणसं जोडणं वेगळं. एखादा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या मनात शेजाऱ्याबद्दल आपुलकी वाढली की संशय वाढला, ही एकात्मतेची साधी कसोटी आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच विषय मांडला होता. हजारो जातींमध्ये विभागलेले लोक राष्ट्र कसे होऊ शकतील, असा त्यांचा सवाल होता. जाती समाजजीवनात फूट पाडतात, मत्सर आणि द्वेष निर्माण करतात, म्हणून त्या राष्ट्रविरोधी आहेत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बंधुतेशिवाय समता आणि स्वातंत्र्य टिकणार नाही, हेही.

ही व्याख्या घेतली तर जातीवर बोट ठेवणारा चित्रपट हाच एकात्मतेचा चित्रपट ठरतो. बस सगळ्यांसाठी थांबली पाहिजे, कोठडीतला माणूस जिवंत घरी आला पाहिजे, हे सांगणं म्हणजे देश जोडणं. आपल्याकडे मात्र जातीवरचा सिनेमा 'सामाजिक समस्या' या कप्प्यात जातो आणि 'राष्ट्र' वेगळ्या कप्प्यात राहतं. ७०व्या पुरस्कारांपासून नर्गिस दत्त यांचं नाव काढून एकात्मता, सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण यांचा मिळून एकच पुरस्कार केला गेला. कप्पा एक झाला. व्याख्या बदलली का, हे दर वर्षीची यादी वाचून आपल्यालाच तपासावं लागेल.

आणि आपण कोणाला विसरलो?

आता टोचणारा भाग.

त्याच यादीत, कथेतर चित्रपटांच्या विभागात, दोन नावं आहेत. शेखर बापू रणखांबे यांच्या 'रेखा' या मराठी लघुपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या एका बाईला त्वचेचा आजार होतो. डॉक्टर सांगतात, आंघोळ कर. तेवढीच गोष्ट तिच्यासाठी लढाई होऊन बसते. अंकित कोठारी यांच्या 'पांचिका' या गुजराती लघुपटाला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. कच्छच्या मिठाच्या रणात दोन लहान मुली, सागरगोट्यांचा खेळ आणि त्यांच्या मधे उभी असलेली अस्पृश्यता.

म्हणजे "आपल्या पिक्चरला एकपण नाही" हे खरं नव्हतं. जात आणि वंचना यांवरचे चित्रपट त्या यादीत होते. फक्त त्यात सूर्या किंवा धनुष नव्हते, म्हणून आम्ही ती पानं उलटलीच नाहीत. मीही नाही. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्यांचा वारसा सांगणारी मी, एका बाईच्या आंघोळीच्या पाण्यावरचा मराठी लघुपट वाचायचा राहून गेला, आणि 'जय भीम'ला न्याय मिळाला नाही म्हणून स्टेटस मात्र ठेवला.

नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला हाच कथेतर विभागातला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला होता. त्यानंतर 'फँड्री' आला, मग 'सैराट'. उद्याचा दिग्दर्शक आधी या शेवटच्या पानावर दिसतो. आपण तिथे पाहिलं नाही, तर त्याला पहिला प्रेक्षक कुठून मिळणार?

आपण काय करू शकतो?

पहिलं, मागणी करू. परीक्षक मंडळांवर अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातले जाणकार असावेत आणि निवडीची कारणं लेखी जाहीर व्हावीत. हे निवेदन खासदारांकडे देता येतं.

दुसरं, आपल्या मुलांमध्ये लघुपट करणारे आहेत. प्रमाणपत्र, प्रवेशिका, मुदत ही कागदपत्रं त्यांना जमत नाहीत. शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो तसे हेही भरून देऊ.

तिसरं, विहारात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवू आणि नंतर चर्चा करू. निर्मात्याची परवानगी मात्र आधी घ्यायची.

एक अनुभव सांगून थांबते. आमच्या तालुक्यात 'जय भीम' पाहायला आम्ही शेजारच्या पालावरच्या पारधी कुटुंबांनाही बोलावलं होतं. १८७१च्या कायद्याने ज्यांच्यावर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला आणि ३१ ऑगस्ट १९५२ला कागदावर पुसला, त्या समाजाची ही माणसं. चित्रपट संपल्यावर एक म्हातारी उठली. तिने चित्रपट चांगला की वाईट, काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "त्यो वकील कुठं भेटंल?"

त्या प्रश्नानंतर आमच्या गटातल्या दोन मुलींनी कायद्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. त्यातली एक आज दुसऱ्या वर्षाला आहे. दहावीतल्या त्या मुलाला मी आता हे सांगते. आणि 'रेखा' दाखवायचं ठरवलंय, त्या दिवशी खुर्च्या लावायला यायचं आहे, हेही.

जयभीम!