जलाशयावर वाट कोणी कोणास द्यावी ?

गाडीवाटेवर भरलेली गाडी व रिकामी गाडी समोरासमोर आली, तर रिकामी गाडी बाजूस घ्यावयाची, हे कोणाही शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. बांधावरून कोणी जावे, पाणंदीत कोणी थांबावे, ह्याविषयीच्या रूढी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्याही अशाच रूढी आहेत. पण दख्खनच्या पठारावरील मोठ्या जलाशयांची गोष्ट निराळी आहे. जेथे काल ज्वारी व हरभरा पिकत होता तेथे आज होड्या चालतात. पाणी आले, मासे आले, माणसेही पाण्यावर गेली. परंतु पाण्यावरील वहिवाट मात्र अजून ठरावयाची आहे. ती ठरलेली नसल्यामुळे जाळी फाटतात, भांडणे गावात येतात आणि प्रसंगी जीवही जातो.

भीमा नदीवरील उजनी धरणाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. हे धरण १९८० साली पुरे झाले. त्याच्या जलाशयात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते व त्याचा फुगवटा पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर ह्या तीन जिल्ह्यांच्या गावांपर्यंत पोहोचतो. ह्या पाण्यावर एकाच वेळी निरनिराळ्या कामांची माणसे असतात. कोणी होडीतून, तर कोणी मोटारीच्या टायरमधील ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून चिलापी, कटला, रोहू व मरळ ह्यांच्यासाठी जाळी टाकतो. कोणी या तीरावरून त्या तीरास उतारू नेतो. थंडीच्या दिवसांत भिगवण व कुंभारगाव येथे रोहित पक्षी पाहण्यास येणाऱ्या मंडळींना फिरविणाऱ्या होड्या असतात, आणि त्यांचे नावाडी बहुधा मच्छीमारच असतात. सुटीच्या दिवशी गळ घेऊन येणारे हौशी लोकही आता कमी नाहीत. पाणी सर्वांस पुरेसे आहे. परंतु मासा जेथे असतो ती जागा व होडी लागते तो धक्का ही ठिकाणे थोडी आहेत, आणि तंटे तेथेच होतात.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले व १९७७ पासून अंमलात आले. ते समुद्रास व समुद्रातून येणाऱ्या जहाजांना जेथे शिरता येते अशा पाण्यास लागू आहेत. धरणाच्या जलाशयास नाहीत. देशातील अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आलेला आहे. कायद्याचा तपशील ज्या त्या खात्याकडून समजून घ्यावा. तथापि समुद्रावरील नियमांमागे जो विचार आहे तो जलाशयावर जसाच्या तसा उपयोगी पडतो, व तोच येथे सांगितला आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘वाटेचा हक्क माझा’ असे लोक म्हणतात. परंतु त्या नियमांचा सारा भर कर्तव्यावर आहे. एका होडीने दूर राहावयाचे व दुसरीने आपली दिशा आणि वेग कायम ठेवावयाचा, अशी कामाची वाटणी त्यांत केलेली आहे. दूर कोणी राहावयाचे ? ज्याला वळणे सोपे आहे त्याने. यंत्रावर चालणारी होडी शिडाच्या होडीपासून दूर राहील. ह्या दोन्ही, जाळे टाकलेल्या होडीपासून दूर राहतील. आणि जिचे यंत्र बंद पडले आहे किंवा सुकाणू मोडले आहे, अशा लाचार होडीपासून सर्वच दूर राहतील. वल्ह्याच्या होडीला नियमांत स्वतंत्र पायरी नाही. पण हाताने वल्हविणाऱ्या माणसास यंत्रवाल्याने वाट द्यावी, हे सांगण्यास नियम कशास हवा ? ट्यूबवर बसलेल्या मच्छीमाराविषयी तर बोलावयासच नको. त्याला जाणाऱ्या होडीची लाटसुद्धा उलटवू शकते.

मासे धरणाऱ्यास जी सवलत आहे ती सरसकट नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. ज्या साधनामुळे होडीस मोकळेपणाने वळता येत नाही अशा साधनाने, म्हणजे जाळे किंवा गळांची लांब दोरी टाकून, जो मासे धरीत असेल त्यासच ती आहे. मागे एखाददुसरा गळ ओढीत चाललेली होडी ह्यात येत नाही. तिला इतर कोणत्याही होडीप्रमाणे वाट द्यावी लागते. हातात गळाची काठी आहे एवढ्यावरून आपणास सर्वांनी वाट द्यावी, असे समजणाऱ्या हौशी मंडळींना ही गोष्ट बहुधा माहीत नसते.

जाळे हा होडीचाच पसरलेला भाग आहे असे धरून चालावे. शंभर हात दूर एक होडी स्वस्थ उभी दिसते आणि पलीकडे मोकळे पाणी दिसते. परंतु ते पाणी मोकळे नसते. म्हणून ज्याने जाळे टाकले त्याने ते कोठपर्यंत आहे हे दाखविले पाहिजे. समुद्रावर होडीपासून दीडशे मीटरहून अधिक लांब जाळे पसरले असेल तर त्या बाजूस दिवसा टोक वर केलेला शंकू व रात्री पांढरा दिवा दाखवावा लागतो. जलाशयावर इतके साहित्य नको. जाळ्याच्या दोन्ही टोकांस रिकामा पांढरा डबा बांधावा व त्यात काठी रोवून लाल किंवा पिवळ्या कापडाचा बावटा लावावा. डब्यावर मालकाची खूण रंगवावी, म्हणजे वाहून गेलेले जाळेही परत मिळते. पाण्याच्या रंगाच्या बाटल्या बांधून जाळे लपविण्याची काहींना सवय असते. चोरीची भीती खरी आहे. परंतु लपविलेले जाळे चोरापेक्षा पंख्याने अधिक फाटते.

जाणाऱ्याने शक्यतो जाळ्यास वळसा घालून टोकाच्या बाहेरून जावे. वळसा घालणे शक्यच नसेल तर मालकास हाक मारून विचारावे, व तो सांगेल तेथून यंत्र बंद करून, पंखा पाण्याबाहेर उचलून, जाळ्यास काटकोनात वल्ह्याने पार व्हावे. तरीही पंख्यात जाळे अडकले तर यंत्र ताबडतोब बंद करावे. उलट फिरवून सोडविण्याच्या प्रयत्नात ते अधिक गुंडाळते. धागे हाताने सोडवावेत. कापावेच लागले तर कमीत कमी कापावेत आणि मालकास सांगितल्याशिवाय निघून जाऊ नये. जाळे उचलीत असलेल्या माणसाकडे विशेष लक्ष द्यावे. तो वाकलेला असतो, त्याची दृष्टी जाळ्यावर असते व हातात वल्हे नसते. संध्याकाळी टाकलेली जाळी पहाटे उचलतात, आणि पक्षी पाहणाऱ्यांच्या होड्याही पहाटेच निघतात. अशा वेळी त्याच्या पाठीमागून येऊ नये. समोरून, त्याला दिसेल असे, वेग कमी करून यावे.

आता दोन यंत्रहोड्यांविषयी. आपल्या रस्त्यांवर डावीकडून चालावयाचे असते. पाण्यावर ह्याच्या उलट आहे. दोन यंत्रहोड्या समोरासमोर आल्यास दोघींनीही आपआपल्या उजवीकडे वळावयाचे असते, म्हणजे त्या एकमेकींच्या डाव्या अंगाने पार होतात. रस्त्याच्या सवयीने एकजण डावीकडे व नियम जाणणारा दुसरा उजवीकडे वळला, तर दोघेही एकाच बाजूस येतात आणि टाळावयाची टक्कर ओढवून घेतात. म्हणून एका धक्क्यावरील सर्व नावाड्यांनी ही गोष्ट एकत्र बसून ठरवून घेतली पाहिजे. निम्म्यांनी पाळलेला नियम हा मुळीच नसलेल्या नियमापेक्षा वाईट.

दोन यंत्रहोड्यांच्या वाटा एकमेकींस छेदत असतील, तर जिला दुसरी होडी आपल्या उजव्या हातास दिसते तिने दूर राहावे, व शक्यतो दुसरीच्या पुढून न जाता मागून जावे. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने, मग ती होडी कोणतीही असो, पुढच्यास पूर्णपणे ओलांडून जाईपर्यंत त्याच्यापासून दूर राहण्याची जबाबदारी आपली समजावी.

टक्कर होणार की नाही हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. आपल्या जागेवरून न हलता, दूरची होडी आपल्या होडीच्या कोणत्या भागाच्या रेषेत दिसते ते पाहावे. समजा, वल्ह्याच्या खुंटीच्या रेषेत दिसली. आपली दिशा न बदलता थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. ती खुंटीच्या पुढे सरकली असेल तर ती आपल्या पुढून जाईल, मागे सरकली असेल तर मागून जाईल. पण ती त्याच खुंटीपाशी राहून मोठी होत चालली असेल, तर दोन्ही होड्या एकाच ठिकाणी पोहोचणार हे समजावे. ताशी १५ किलोमीटर वेगाची होडी सेकंदाला चार मीटरहून थोडे अधिक अंतर कापते. अशा दोन होड्या समोरासमोर येत असतील तर शंभर मीटरांचे अंतर बारा सेकंदांत संपते. बारा सेकंदांत बिडीसुद्धा नीट पेटत नाही.

म्हणून वळावयाचे ते लवकर व ठळकपणे वळावे. थोडेथोडे वळत गेल्यास समोरच्यास आपला विचार कळत नाही. आणि ज्याच्याकडे वाट आहे त्याने आपली दिशा व वेग कायम ठेवावा. सौजन्य म्हणून अर्ध्यात थांबू नये किंवा वळू नये. पाण्यावर असे सौजन्य दुसऱ्यास घोटाळ्यात पाडते. मात्र समोरचा वळतच नाही असे स्पष्ट दिसल्यावर हट्टाने पुढे जाणे हा शुद्ध वेडेपणा होय. तेव्हा टक्कर टाळणे हे दोघांचेही काम आहे. समुद्रावर शिटीचा एक छोटा आवाज म्हणजे ‘मी उजवीकडे वळत आहे’, दोन म्हणजे ‘डावीकडे’, तीन म्हणजे ‘यंत्र उलटे चालवीत आहे’, आणि पाच झटपट आवाज म्हणजे ‘तुमचा विचार समजला नाही’ असा अर्थ आहे. साध्या शिटीने एवढे सहज साधते.

गळ टाकणाऱ्यांचे आपसातील शिष्टाचार कायद्यात सापडत नाहीत. तरी ते जुने आहेत. जो आधी येऊन नांगर टाकून बसला त्याची ती जागा. त्याने पेंड किंवा भरडा टाकून मासे जमविले असतील, तर तेथे येऊन आपला गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याने नांगरलेल्या शेतात पेरणी करण्यासारखे आहे. दोघांच्या दोऱ्या कितीही लांब फेकल्या तरी गुंतणार नाहीत इतके अंतर राखावे. वाऱ्याबरोबर वाहत जात कोणी गळ टाकीत असेल तर तो जिकडे चालला आहे ती बाजू सोडावी व तो जिकडून आला त्या बाजूने जावे. पुढचे पाणी ढवळल्यास त्याचा मासा बिथरतो. मोठा मासा लागून कोणाची धडपड चालू असेल तर शेजाऱ्यांनी आपल्या दोऱ्या गुंडाळून घेण्याची चाल चांगली आहे.

मासे धरणाऱ्यांवरही एक मोठे बंधन आहे. अरुंद वाटेत जाळे टाकून जाणाऱ्याची वाट अडवू नये, असे समुद्राचे नियमही सांगतात. धक्क्याचे तोंड, ओढ्याची खाडीसारखी चिंचोळी जागा, जुन्या पुलाच्या कमानी व उतारूंच्या होड्यांची नेहमीची वाट येथे जाळे नको. अनेक जलाशयांवर मच्छीमार सहकारी संस्थेकडे मासेमारीचा ठेका असतो. तो मासे धरण्यासाठी असतो, वाट बंद करण्यासाठी नव्हे. रात्री वल्ह्याच्या होडीतही एक पांढरा दिवा किंवा विजेरी हाताशी तयार असावी आणि दुसरी होडी जवळ येण्यापूर्वीच ती दाखवावी. मागाहून ओरडून उपयोग होत नाही.

वाऱ्यापुढे मात्र हे सर्व नियम मागे पडतात. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली उतारूंची होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली व सहा माणसे मरण पावली. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आले की ज्याची होडी मोठी त्याने वाट कोणाची हे न पाहता लहान होड्या व तराफे ह्यांच्या जवळून सावकाश जावे, त्यांस काठाकडे वळवावे, आणि जाळे पाण्यातच सोडून माणसास वर घ्यावे. जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. बसावयास अंथरलेले जाकीट बुडणाऱ्याच्या कामी येत नाही.

ग्रामसेवकांस ह्या कामी उन्हाळा हाच योग्य काळ आहे. उजनीचे पाणी उतरते तेव्हा पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि त्याचबरोबर जुन्या विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती व झाडांचे बुंधेही दिसू लागतात. पाणी भरल्यावर हेच अडथळे हातभर खोलीवर दडून बसतात, व त्यांस चुकविण्यासाठी जाणत्या नावाड्याने अचानक घेतलेले वळण नवख्यास समजत नाही. एप्रिल-मे महिन्यांत धक्क्यावरील नावाडी, मच्छीमार संस्थेचे सभासद व गावातील जुनी माणसे ह्यांना बरोबर घेऊन हे अडथळे पाहावेत. जलसंपदा विभागाच्या परवानगीने तेथे पुराच्या पातळीच्या वर राहतील असे उंच बांबू रोवावेत, आणि उतारूंच्या होड्यांची वाट दोन्ही काठांवरील एखादे झाड किंवा देवळाचा कळस ह्यांच्या खुणेने ठरवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. जुलैत पाणी चढू लागण्यापूर्वी हे काम झालेले असावे.