यो-योला कोणता गोंद?

पुसेगावच्या सेवागिरी यात्रेतून नातवानं लाकडी यो-यो आणला. चौथ्या दिवशी तो फरशीवर आपटला आणि एक चकती मधल्या खुंटीवरून निखळली. साताऱ्याहून सांगलीला माझ्याकडे आला तेव्हा खुंटीवर काचेसारखा थर होता. घरात कुणीतरी छोट्या ट्यूबमधल्या झटपट गोंदाचे दोन थेंब टाकून पाहिले होते.

"आबा, परत तेच लावा ना, लगेच चिकटतं."

लगेच चिकटतं, हे खरं. पण तो गोंद वाळला की ठिसूळ होतो. ओढ सोसतो, दणका सोसत नाही. आणि यो-यो म्हणजे दणकेच. दोरा संपला की दर फेरीला खुंटीला हिसका बसतो.

गोंद निवडण्याआधी एक प्रश्न विचारायला मी मिरजेत शिकलो: हा सांधा पुन्हा उघडायचा आहे का? सतार किंवा तंबोऱ्याची तबली दुरुस्तीसाठी कधीतरी उघडावी लागते. तिथं जुना सरस उपयोगी पडतो. जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा सरस आधी पाण्यात भिजवायचा, मग गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून विरघळवायचा. उकळला तर त्याची पकड जाते. सांध्याला ऊब आणि ओल दिली की तो लाकूड न फाडता सुटतो. वाद्यासाठी हा गुण मोठा, पण मुलाच्या घामट मुठीत फिरणाऱ्या खेळण्याला तोच नडेल. यो-योचा सांधा कायमचा हवा.

म्हणून मी साधा पांढरा फेविकॉल घेतला. तो लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो, त्यामुळं जुन्या थरावर लावून उपयोग नाही. पातळ पटाशीनं खुंटी आणि भोक दोन्ही खरवडून कोरं लाकूड काढलं. खुंटी सैल झाली होती. अशा वेळी लोक भुसा आणि गोंद कालवून भरतात. ते भोक बुजवतं, जोर देत नाही. एपॉक्सीनं फट भरते, पण एका बाजूला जास्त गेला तर वजन बिघडून यो-यो डुगडुगतो. मी सागाची नवी खुंटी घासली, अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम आत जाईल इतकी. तिच्या दोन्ही टोकांना उभी बारीक खाच पाडली, म्हणजे अडकलेली हवा आणि जादा गोंद बाहेर येतो. तो ओल्या फडक्यानं लगेच पुसायचा. दोऱ्याच्या जागी वाळला तर दोरा अडकतो.

दोन्ही चकत्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून जुन्या एटीएम कार्डाचे सारख्या जाडीचे तुकडे मध्ये सरकवले आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली. नातू दर तासाला विचारत होता. चोवीस तास हात लावू दिला नाही. पावसाळ्यात मी दोन दिवस थांबतो, कारण हा गोंद त्यातलं पाणी लाकडात आणि हवेत गेल्यावरच घट्ट होतो.

घरात तुटलेलं लाकडी खेळणं असेल, तर ट्यूब उघडण्याआधी जुना गोंद खरवडून काढा.