सोपाऱ्याचा मुक्काम

परदेशात नोकरीनिमित्त राहिलेले अजिंठा-सिल्लोडकडील कुटुंब मुंबईच्या विमानतळावर उतरले, की बहुधा त्याच रात्री मोटार करून घाटाची वाट धरते. आणि ज्यांच्या देहाला अद्याप परमुलखातील दिवसरात्रीचाच सराव आहे अशी ती लेकरे उंबरठ्यावर ओवाळून घेताना पेंगत असतात. घरी पोचल्यावर आप्तेष्टांची रीघ लागते ती वेगळीच. अशा कुटुंबाने वसई-सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर दोन रात्री मुक्काम करून मगच स्वगृही प्रयाण करावे, असे मला मनापासून वाटते. आणि या सूचनेला आधार आहे तो अजिंठ्याच्याच भिंतीचा.

दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, उजव्या हाताच्या भिंतीवर, पूर्णावदान, म्हणजे पूर्णाची कथा, चितारलेले आहे. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. अनेक समुद्रप्रवास करून त्याने पुढे भिक्षुवृत्ती स्वीकारली. आणि गोशीर्ष चंदन आणावयास गेलेल्या त्याच्या भावाचे जहाज यक्षाने उठविलेल्या वादळात सापडले, तेव्हा संकटनिवारणास तोच धावून आला. चित्रातील ते जहाज निरखून पाहावे. उंच नाळ, उभ्या डोलकाठ्यांवरील तीन आयताकृती शिडे, नाळेवर रंगविलेले डोळे आणि छताखाली ओळीने मांडलेले रांजण, हे सारे समुद्रापासून इतक्या दूर, वाघूर नदीच्या कड्यात, पाचव्या शतकातील चित्रकाराने इतक्या बारकाईने रेखाटले आहे, की बंदराची वार्ता घाटावर नित्य येत असली पाहिजे. सुखरूप परतलेल्या त्या चंदनातून सोपाऱ्यास विहार उभा राहिला, असे कथा सांगते.

कथेतील ते सोपारे, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हे आजचे नालासोपारा. लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात तो तेथील स्तूप 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. आत एकात एक बसविलेले करंडक आणि आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही याच गावचा. मृगयेच्या विहारयात्रा सोडून आपण धर्मयात्रा आरंभिल्या, हा त्या लेखाचा आशय. प्रवासाला निघालेल्या कुटुंबाने तो मुलांना अवश्य समजावून सांगावा.

या बंदरावर उतरलेला माल, आणि त्याबरोबर बंदराची वार्ता, पुढे सह्याद्रीच्या घाटांनी देशावर चढे. नाणेघाटाच्या माथ्यावरील भलामोठा दगडी रांजण जकातीच्या नाण्यांसाठी होता, अशी समजूत आहे.

मुक्कामाला स्तूपापासून फार लांब जावे लागत नाही. राजोडी, कळंब, भुईगाव हे किनारे जवळच. सुरूच्या सावलीत मुलांनी ओल्या वाळूत हुंदडावे, आईबापांनी स्वस्थ निजावे, उन्हे उतरली की 1739 साली चिमाजी अप्पांनी घेतलेला वसईचा किल्ला पाहावा. येथील वाड्यांत पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात. तपकिरी, चिवट आणि मधासारखी गोड. आजोळी न्यावयास याहून चांगला खाऊ मला ठाऊक नाही.

पुढची वाट सुलभ झाली आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये भिवंडीजवळील आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हा वसईहून कामण-भिवंडीमार्गे त्यावर चढून छत्रपती संभाजीनगर गाठावे व तेथून सुमारे शंभर किलोमीटरवरील अजिंठ्याकडे वळावे. लेणी सोमवारी बंद असतात; म्हणून किनारा सोडण्याचा वार आधीच ठरवावा, आणि घरची मंडळी भेटल्यावर मुलांना दुसऱ्या लेण्यातील त्या जहाजासमोर उभे करून, आपण दोन रात्री राहिलो ते याच पूर्णाचे गाव, हे सांगावे.