कुरतडलेल्या पानांचा इतिहास

आजचा विषय प्राचीन कीटकांचा आहे, पण आज आपण कीटक फारसे पाहणार नाही. कीटकांचं शरीर नाजूक असतं, त्यामुळे त्यांचे जीवाश्म क्वचितच मिळतात. त्यांनी खाल्लेली पानं मात्र दगडात हजारोंनी सापडतात. चोर हाती लागला नाही तरी फोडलेलं कुलूप बरंच काही सांगतं, तसंच हे आहे.

आता तुम्ही विचाराल, पानाला भोक आहे, पण ते किड्यानेच पाडलं कशावरून? पान गळल्यावर फाटलं असेल, चिखलात कुजलं असेल. याचं उत्तर जखमेच्या कडेला मिळतं. जिवंत पानाला इजा झाली की ते जखमेभोवती जाडसर, काळपट पेशींची कड तयार करतं. ही कड जीवाश्मातही टिकते. मेलेलं पान फाटलं तर ती नसते.

जखमांचेही प्रकार असतात. कडा कुरतडणं, भोकं पाडणं, पानावर गाठी येणं, पान आतून पोखरणं. टोमॅटोच्या पानावरच्या नागअळीच्या वेड्यावाकड्या रेघा आपल्या शेतकऱ्यांना चांगल्याच ठाऊक आहेत. अशी रेघ आधी बारीक असते, पुढे रुंद होत जाते, कारण अळी खाता खाता वाढते. कडा कुरतडणारा किडा बहुधा मिळेल ते झाड खातो. पोखरणाऱ्या आणि गाठी करणाऱ्या बऱ्याच जाती मात्र ठरावीक झाडांवरच जगतात. हा फरक लक्षात ठेवा.

६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, तेव्हा कीटकांचं काय झालं? कॉनरॅड लॅबांडेरा, कर्क जॉन्सन आणि पीटर विल्फ यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा भागातले १३ हजारांहून अधिक वनस्पती-जीवाश्म तपासले. २००२ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: एकाच झाडावर विसंबलेल्या कीटकांच्या खुणा बहुतेक नाहीशा झाल्या, मिळेल ते खाणारे तगले.

अशा मोजणीत एक पथ्य पाळावं लागतं. फक्त खाल्लेली पानं वेचून चालत नाही, धड पानंही मोजावी लागतात. नाहीतर प्रमाण कसं काढणार?

दुसरं उदाहरण वायोमिंगमधल्या बिगहॉर्न खोऱ्याचं. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला आणि पृथ्वी झपाट्याने तापली. एलन करानो आणि सहकाऱ्यांनी त्या काळाच्या आधीची, त्यातली आणि नंतरची मिळून ५,०६२ पानं पाहिली. तापमान वाढलं तशी जखमांची संख्या आणि विविधता वाढली, उतरलं तशी कमी झाली. उष्ण काळातली एकही वनस्पती-जात कीटकांच्या तावडीतून सुटली नव्हती. कारणं दोन संभवतात. ऊब वाढली की उष्ण प्रदेशातले कीटक नव्या भागात सरकतात. आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की पानातलं नायट्रोजनचं प्रमाण घटतं, म्हणून पोषण भागवायला किड्याला जास्त पान खावं लागतं.

आपल्याकडेही ही कागदपत्रं आहेतच. नागपूरजवळ कामठीच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिसची पानं सापडतात, आणि भारतात अन्यत्र मिळालेल्या ग्लॉसोप्टेरिसवर कीटकांच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत.

तेव्हाची तापमानवाढ हजारो वर्षं चालली होती. आज आपण कार्बन त्याहून वेगाने हवेत सोडतो आहोत. हवा तापली की पिकांवर कीड वाढेल का, या प्रश्नाचा अभ्यास म्हणूनच फक्त आजच्या शेतात करून भागत नाही. त्याचा एक निकाल दगडात आधीच लागलेला आहे.